खाचवाल्यांची पट्टी

खाचवाल्यांच्या नाकावर राग असायचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जो घोळ झाला त्यात पट्टीची चूक होतीच, पण या रागाचाही वाटा होता. वेताची गुंडाळी कुणी जागची हलवली की राग. चहाचा कप रोजच्या जागेपासून चार बोटं सरकला की राग. एकदा एका भल्या माणसाने न विचारता त्यांचा दंड धरला आणि रहदारीतून सांभाळून त्यांना रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं. खाचवाले तिथेच कडाडले, "मला इकडे यायचंच नव्हतं! आणलंत तसे परत नेऊन सोडा!" त्या बिचाऱ्याने निमूटपणे परत नेऊन सोडलं.

वय छप्पन्न. सातव्या वर्षी तापात डोळे गेले. अंधांच्या कार्यशाळेत गेली तीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणायचं काम. खुर्च्या चांगल्याच विणायचे, पण त्यांचं नाव झालं ते खुर्च्यांमुळे नाही. ते झालं नोटा ओळखायच्या पट्टीमुळे.

ही पट्टी म्हणजे वीतभर लांबीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा. एका टोकाला उभा काठ. नोटेची एक कड त्या काठाला टेकवायची, नोट पट्टीवर सपाट करायची आणि दुसरी कड कुठे येते ते अंगठ्याने बघायचं. पट्टीच्या अंगाला ओळीने खाचा कापलेल्या आणि प्रत्येक खाचेपाशी ब्रेलचे ठिपके: ही दहाची, ही वीसची, ही पन्नासची, असं पाचशेपर्यंत. नोट जितकी मोठी तितकी थोडी लांब, म्हणून हे जमायचं. कड खाचेच्या आत राहिली तर नोट त्या खाचेची. खाच ओलांडून गेली तर पुढच्या खाचेची. बस्स, एवढंच शिकायचं.

पट्टीची कल्पना खाचवाल्यांची नव्हती. तशा पट्ट्या विकत मिळायच्या, पण त्या पातळ असत, खिशात वाकत, आणि पट्टी वाकली की दहाची वीस करून टाकते. खाचवाल्यांची पट्टी अंगाखाली आली तरी वाकायची नाही. जेवणाच्या सुट्टीत ते हॅक्सॉने कापायचे, कानशीने घासायचे, वर पॉलिश पेपर फिरवायचे. एका पट्टीला दोन दिवस लागायचे. तिकिटं विकणारे, मालिश करणारे, फुटपाथवर कंगवे विकणारे, सगळ्यांच्या खिशात त्यांची पट्टी असायची. "लोक हिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात," असं कार्यशाळेचे व्यवस्थापक एकदा भाषणात म्हणाले आणि समोर बसलेले पन्नास आंधळे खो खो हसले. आपण काय विनोद केला ते व्यवस्थापकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आता फोनसुद्धा नोटा ओळखतो. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की आतली बाई आकडा सांगते. पण ती सांगते खणखणीत आवाजात, भर बाजारात, "पाचशे!" म्हणजे आजूबाजूच्या खिसेकापूंचीही सोय. उजेड कमी असला की म्हणते, "पुन्हा धरा." नोट उलटी धरा, सुलटी धरा, लांब न्या, जवळ आणा, तोवर गिऱ्हाईक वैतागून निघून जातं. खाचवाले त्या फोनमधल्या बाईला 'वहिनी' म्हणायचे. कुणी फोन काढला की म्हणायचे, "विचारा विचारा वहिनींना. सवडीने सांगतील."

नाण्यांचं काही अडत नव्हतं. नाणं काचेवर टाकलं की ते आवाजातच आपलं नाव सांगतं, आणि राहिलीच शंका तर कडेवरून नख फिरवायचं. घोळ सगळा नोटांचा.

नोटा ओळखायला खाचवाल्यांना शिकवलं ते ताईंनी. ताई म्हणजे सख्खी बहीण नव्हे. अंधशाळेत त्या दोन वर्गांनी पुढे होत्या, आणि नव्याने आलेल्या, रात्रंदिवस आईच्या नावाने रडणाऱ्या मुलाला शिस्त लावायचं काम बाईंनी त्यांच्यावर सोपवलं होतं. त्यांनी त्याला कागदाच्या नोटा कापून दिल्या. मधल्या बोटाच्या टोकाला नोटेची एक कड लावायची, नोट तळहातावर पसरायची आणि दुसरी कड मनगटाच्या अलीकडे कुठे येते ते ध्यानात ठेवायचं. त्याचा हात एवढासा, नोट मनगट सोडून पार पुढे जायची. "रडू नको," ताई म्हणायच्या. "हात वाढेल तुझा. तोवर मनगटाच्या पुढे मोज." खाचवाले जगात कुणाला भीत असतील तर ताईंना. आणि जीव लावत असतील तर तोही त्यांनाच, पण हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

ताई आता साठीला टेकल्या होत्या. कापडबाजारात मोठ्या जिन्याखाली त्यांचं बटणांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक माणूस आणि नव्वद डबे मावतील एवढी फट. बटणं, हुक, चेन, इलॅस्टिक, दोऱ्याची रिळं. शिंपी यायचे, एक बटण हातात ठेवायचे, ताई ते अंगठ्याखाली फिरवायच्या आणि मागे न वळता डब्यात हात घालायच्या. चार भोकांचं, कड उचललेली, मधे खोलगट, हे घे. रंगाचं विचारलं तर म्हणायच्या, "वरच्या ओळीत पांढरी, खालच्या ओळीत काळी, मधल्या ओळीत तुम्हा डोळसांची भांडणं." नवरा गेल्यानंतर बावीस वर्षं त्यांनी त्या फटीत बसून मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं. मुलगा ट्रक चालवायचा आणि महिन्यातले वीस दिवस बाहेर असायचा. घरी सून, आणि सुनेचं आणि त्यांचं बरं चाललं होतं.

मग शंभराची नवी नोट आली. जुनीपेक्षा चांगली आखूड. डोळस लोकांनी नवा रंग बघितला, नवं चित्र बघितलं, दोन दिवस कौतुक केलं आणि विसरून गेले. इकडे सगळ्या जुन्या पट्ट्या बाद. नवीन कापायच्या तर नमुन्याला नोट हवी, आणि तीही कोरी, कारण वापरलेल्या नोटेचे कोपरे झिजलेले असतात. पगाराच्या दिवशी खाचवाले खिडकीशी अडून बसले. "करकरीत पाहिजे. चुरगळलेली दिलीत तर घेणार नाही." रोखपालाने बंडल फोडून एक कोरी नोट दिली. ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली, घरी आले, आणि नमुन्याच्या पत्र्याच्या डबीत ठेवायची विसरले. तिसऱ्या दिवशी आठवण झाली तेव्हा नोट डबीतच होती.

"इथे कोणी ठेवली?"

"मीच ठेवली," बायको म्हणाली. "खिशात होती." आणि ती पुन्हा इस्त्रीला लागली. लोकांच्या कपड्यांना खळ देऊन इस्त्री करून देण्याचं काम ती घरीच करायची.

खाचवाल्यांनी नोट बोटांत वाजवून पाहिली. करकरीत. त्यांनी शंभराची खाच कापली, घासली आणि मग तीच नोट पट्टीवर ठेवून तपासली. कड खाचेत अशी बसली की नख जाईना. आता जिच्यावरून कापली तिच्यावरच तपासली तर बसणार नाही तर काय होईल! पण हे शहाणपण आपण मागून सांगतोय. त्या वेळी खाचवाल्यांची छाती फुगली होती.

पहिली पट्टी त्यांनी ताईंना नेऊन दिली.

"मला कशाला?" ताई म्हणाल्या. "माझा हात आहे की."

"नोटा बदलल्या आता, ताई. कोणती कड कुठे येते ते हाताला नव्याने शिकवणार का या वयात? बोटं म्हातारी होतात, पट्टी होत नाही."

"असं बोलून तुला घरी जेवायला मिळतं?"

"घे गं. आणि वापर. पट्टी म्हणेल ते खरं धरायचं, उगाच हाताने ताडून बघत बसायचं नाही. दोन्हीकडे पाय ठेवलेस तर गोंधळ होईल."

ताईंनी पट्टी घेतली. एकतर त्याने इतक्या हौसेने आणली होती. दुसरं म्हणजे इतक्या वर्षांत खाचवाल्यांची एक पट्टी चुकली असं कुणी म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी सुनेचा फोन आला. "मामा, आई दुकान सोडतायत. रविवारी अकरा वाजता किल्ली द्यायची आहे. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या, पण तुम्ही एकदा येऊन जा."

खाचवाले कार्यशाळेत खुर्ची अर्धवट टाकून गेले. गुरुवार होता. ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या होत्या. एरवी हातात काहीतरी चाळा असायचा, सुईदोरा, शेंगा, काहीही. त्या दिवशी नुसत्याच बसल्या होत्या.

"बोटं गेली माझी," त्या म्हणाल्या.

मग सुनेने सगळं सांगितलं. दोनशेच्या नोटा ताई वेगळ्या घडीत ठेवायच्या. एका संध्याकाळी सुनेने ती घडी उघडली तर निम्म्या शंभराच्या. गिऱ्हाइकाने शंभर दिले की ताई दोनशे समजून मोड देत होत्या. एक दिवस नाही, सलग तीन आठवडे. काही शिंप्यांनी जास्तीचे पैसे परत आणून दिले होते. काही नव्या लोकांनी अर्थातच दिले नव्हते. सून दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीत कामाला होती. तिने ताईंना डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. ताईंना साखर होतीच. डॉक्टर म्हणाले, साखर जुनी झाली की बोटांचे शेंडे बधिर होतात, हळूहळू होतं, माणसाच्या लक्षात येत नाही.

"मी दुकान सोडा म्हटलं नव्हतं, मामा," सून म्हणाली. "मी म्हटलं संध्याकाळी मी येऊन बसते. पण त्याच नको म्हणाल्या."

"दुसऱ्याच्या डोळ्यांनी दुकान चालवायचं तर मी तिथे काय शोभेला बसू?" ताई म्हणाल्या. मग त्या खाचवाल्यांकडे वळल्या आणि आवाज खाली आणला. "तुला सांगते, फार विचित्र लागतं रे. शंभराची खाच कळते, दोनशेचीही कळते. पण नोटेची कड मधेच कुठेतरी लागते. शंभराच्या पुढे, दाण्याएवढी. ना धड ही, ना धड ती. असं कसं लागेल?"

आता इथे खरं तर खाचवाल्यांनी हात पुढे करून म्हणायला हवं होतं, आण बघू ती पट्टी. तेवढंच करायचं होतं. पट्टी टेबलावर, त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर पडली होती. पण त्यांच्या मनात ते आलंसुद्धा नाही. त्यांना आपली पट्टी माहीत होती. शंभर आणि दोनशेच्या मधे त्यांनी काहीच ठेवलेलं नव्हतं.

"बधिरपणात असं होतं, ताई," ते म्हणाले. "नसलेलं लागतं. वय होतं माणसाचं, चालायचंच."

सुनेने चहा ठेवला. खाचवाल्यांनी दोन घोट घेतले आणि उठले. त्यांना रडू येत होतं, आणि रडू आलं की त्यांना राग यायचा, म्हणून बसस्टॉपवर त्यांनी एका माणसाला उगाचच झापलं.

शनिवारी सकाळी नव्या कानशीसाठी ते हार्डवेअरच्या दुकानात गेले. नव्या पट्ट्यांची मागणी आली होती, अकरा कापून झाल्या होत्या आणि जुनी कानस गुळगुळीत झाली होती. एरवी पैशाचा सगळा व्यवहार बायकोकडे असायचा. खाचवाल्यांच्या खिशात नव्या नोटा फारशा पडतच नव्हत्या. त्या दिवशी एक होती, आदल्या दिवशी सहकाऱ्याने उसने घेतलेले परत दिले होते. त्यांनी रुबाबात स्वतःची पट्टी काढली, नोट लावली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे दोनशे घे."

"काका, शंभर आहेत हे."

"दोनशे आहेत."

"अहो काका, रंग बघा ना." मग तो स्वतःच ओशाळला. "म्हणजे, शंभरच आहेत हो. आकडा छापलाय एवढा मोठा."

"तुझा आकडा काय सांगतो मला? तीस वर्षं पट्टी कापतोय! मला फसवायला निघालास?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. हार्डवेअरवाला शांत माणूस. त्याने वाद घातला नाही. लेथवाले वापरतात ते व्हर्नियर काढलं, लोखंडी जबड्याचं, केसाची जाडीही मोजणारं. आधी नोट मोजली, मग खाच मोजली, मग पुन्हा दोन्ही मोजून पाहिली.

"काका, खाच दोन मिलिमीटर अलीकडे आहे. नोट खाच ओलांडते, म्हणून तुम्हाला दोनशे लागते."

"आण इकडे."

खाचवाल्यांनी नोट पुन्हा पट्टीवर सपाट केली. या वेळी त्यांनी ठिपक्यांकडे लक्ष दिलं नाही. शंभराच्या खाचेवर अंगठा ठेवला आणि हळूहळू पुढे नेला. खाच संपली, गुळगुळीत प्लॅस्टिक लागलं, आणि मग कड लागली. शंभराच्या पुढे, दाण्याएवढी. ना धड ही, ना धड ती.

हार्डवेअरवाल्याने स्टूल सरकवलं. कानस घ्यायची राहूनच गेली.

घरी आले तेव्हा बायको इस्त्री करत होती. खाचवाल्यांनी पत्र्याची डबी उघडून नमुन्याची नोट काढली, खिशातली दुसरी तिच्यावर ठेवली, एका बाजूच्या कडा जुळवल्या आणि दुसऱ्या बाजूला नख लावलं. नमुन्याची नोट आखूड होती.

"या नोटेचं काय केलंस तू?"

इस्त्री उभी ठेवल्याचा आवाज आला.

"शर्टाबरोबर भिजली होती," बायको म्हणाली. "रात्रभर गरम पाण्यात. सकाळी खिसा उलटा केला तर लगदा व्हायच्या बेताला आलेली. मी वाळवली. मग हलकी खळ लावली, दोन फडक्यांत धरून इस्त्री मारली. अगदी नव्यासारखी झाली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतंत. पगाराच्या दिवशी खिडकीशी भांडून आणलेली नोट. कोण सांगणार तुम्हाला? मी नाही, कुणीच नाही सांगत तुम्हाला काही."

तर अशी गंमत. डोळस माणसाने ती नोट हातात घेतली असती तर फिकट पडलेला रंग बघून लगेच म्हटलं असतं, धुतलेली दिसते. खाचवाल्यांना नवेपणा कळायचा तो करकरीतपणावरून, आणि करकर तर खळीने आणून दिली होती. पाण्याने आखडलेली नोट त्यांनी कोरी म्हणून छातीशी धरली आणि तिच्यावरून खाच कापली.

खाचवाल्यांनी सवयीप्रमाणे ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. घरातल्या बाईने घाबरून नोट लपवली होती, यात ओरडायचं कुणावर? ते खुर्चीत बसले. "ताईंचं दुकान जातंय," ते म्हणाले. "उद्या अकराला. माझ्यामुळे." आणि मग ते रडले, हुंदके देऊन, छप्पन्न वर्षांचा माणूस. बायकोने जवळ येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या हाताला इस्त्रीची ऊब होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "उद्या मीही येते. नोट माझ्यामुळे आखडली, तेही सांगायला हवं कुणीतरी."

"तू नको. हे माझं आहे." त्यांनी नाक पुसलं. "तू फक्त सकाळी लवकर उठव."

रविवारी साडेदहालाच ते जिन्याखाली पोचले. दुकानात डबे खोक्यांत भरायचा आवाज येत होता. सून होती, ताई स्टुलावर होत्या, आणि दुकान घ्यायला आलेला मोबाईलची कव्हरं विकणारा माणूस दाराशी उभा राहून फटीची रुंदी पावलांनी मोजत होता.

"किल्ली दिलीस?" खाचवाल्यांनी विचारलं.

"देतेच आहे."

"थांब. पट्टी चुकली आहे, ताई. तुझी बोटं नाहीत. पट्टी. मी शंभराची खाच दोन मिलिमीटर अलीकडे कापली." आणि नोटेचं भिजणं, खळ, व्हर्नियर, सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, कव्हरवाल्यासमोर, जिन्यावरून जाणाऱ्या लोकांसमोर. आवाज चढला नाही.

सून म्हणाली, "मामा, तुमचा आईंवर जीव आहे, मला माहीत आहे. पण त्यांना बरं वाटावं म्हणून तुम्ही आळ स्वतःवर घेत असाल, तर नका घेऊ. उद्या दुकानातल्या कातरीने बोट कापलं तरी यांना कळणार नाही. मला झोप लागत नाही त्या विचाराने."

मुद्दा रास्त होता. खाचवाल्यांना एवढंच सुचलं, "मग बघ की तपासून. तुझ्या पाकिटातल्या नोटा काढ, शंभराच्या आणि दोनशेच्या. हव्या तशा मिसळ. ताई, ती पट्टी घे. ही नोट कसली ते सांगू नकोस. कड कुठे लागते तेवढंच सांग."

ताईंनी खोक्यातून पट्टी काढली. सुनेने पहिली नोट दिली. ताईंचा अंगठा सरकला.

"शंभराच्या पुढे. दाण्याएवढी."

सुनेने दुसरी नोट दिली.

"हीसुद्धा. दाण्याएवढी पुढे."

तिसरी. अंगठा पुढे गेला आणि थांबला. "ही दोनशेच्या खाचेत. बरोबर आत."

चौथी, पाचवी, सहावी. सुनेने एक नोट दोनदा दिली, एक उलटी करून दिली. नवव्या नोटेला ताई म्हणाल्या, "ही मघाचीच. हिचा कोपरा दुमडलेला आहे." दहावी नोट सुनेने परत घेतली. दहाच्या दहा बरोबर होत्या. जी नोट दाण्याएवढी पुढे होती ती प्रत्येक वेळी शंभराची निघाली आणि खाचेत बसलेली प्रत्येक नोट दोनशेची. दोन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची जाडी, आणि तीन आठवडे ती अंगठ्याला रोज लागत होती.

"आई," सून म्हणाली, आणि तिने खाली बसून त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. कव्हरवाल्याने दोनदा खाकरून पाहिलं. "मग माझं काय?" तो म्हणाला. कुणी उत्तर देईना, तेव्हा तो आपणहून निघून गेला.

सुनेने डबे पुन्हा फळीवर लावायला घेतले. ताई तिला सांगत होत्या, तो तिसऱ्या ओळीत, तो नाही, त्याच्या शेजारचा. खाचवाले दाराशी उभे होते. त्यांना वाटलं, आता ताई आपल्याला बस म्हणतील. चहा सांगतील. जीव भांड्यात पडला होता आणि त्यांना थोडं कौतुकही हवं होतं, खोटं कशाला बोला.

"इकडे ये," ताई म्हणाल्या.

ते गेले.

"गुरुवारी मी तुला काय सांगितलं होतं?"

"कड मधेच लागते म्हणालीस. दाण्याएवढी."

"आणि तू काय म्हणालास?"

"बधिरपणात असं होतं, म्हणालो."

"नसलेलं लागतं म्हणालास," ताई म्हणाल्या. "चाळीस वर्षांहून जास्त ओळखतोस मला. तुझ्या हाताला नोट मी दाखवली. मी सांगतेय काय लागतं ते, आणि पट्टी तिथे टेबलावर पडली होती, तुला एकदा हात लावून बघावंसं वाटलं नाही. डॉक्टरांचं सोड, ते परके. तू म्हणालास म्हणून मी मानलं. तीन दिवस मी माझ्या हातांना कशालाही लावून घेतलं नाही. सुई हातात घेतली नाही. भात कालवायला भीती वाटत होती मला."

"चुकलो, ताई."

"हं," ताई म्हणाल्या. एक शिंपी आला होता, त्याने दुकान का आवरलंय म्हणून विचारलं. ताईंनी त्याच्या हातातलं बटण घेतलं, अंगठ्याखाली फिरवलं आणि सुनेला म्हणाल्या, "सातवा डबा दे." खाचवाल्यांना त्यांनी जा म्हटलं नाही आणि थांबही म्हटलं नाही. ते थोडा वेळ उभे राहिले आणि घरी आले. कापलेल्या अकरा पट्ट्या त्यांनी एकेक करून मोडल्या. जाड होत्या, पक्कडीने मोडाव्या लागल्या.

नवी पट्टी व्हायला आठवडा लागला. या वेळी बँकेतून लहानमोठ्या मिळून दहा कोऱ्या नोटा आणल्या. एकेक खाच कापली, हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तीनदा व्हर्नियर लावून घेतलं, पुन्हा घासली, पुन्हा मोजून घेतली. हार्डवेअरवाला म्हणाला, "काका, याच्यापुढे मशीनसुद्धा जाणार नाही." मग ते जिन्याखाली गेले आणि पट्टी ताईंच्या हातात ठेवली.

ताईंनी नोट लावलीच नाही. नुसता अंगठा काठापासून शेवटपर्यंत फिरवला, एकदा जाताना, एकदा येताना. मग पन्नासच्या खाचेशी थांबल्या.

"ही केसभर अलीकडे आहे."

खाचवाल्यांच्या ओठांवर सगळं आलं. तीनदा मोजली आहे, व्हर्नियरने मोजली आहे, हार्डवेअरवाल्याला फोन लावून देऊ का. पण त्यांनी खाली बसून पिशवी उघडली, आत हात घालून कानस शोधली.

"कुठे? बोट ठेव," ते म्हणाले.

ताईंनी त्यांचं बोट धरून खाचेवर ठेवलं. ते तिथेच पायरीवर बसून घासायला लागले.